आठ-दहा वर्षांच्या पोरांना फुटबॉल कसा शिकवावा?

पेठेतला (कोल्हापूर) | १२ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, रविवारनंतर राहवेना.

मी पेठेत वाढलो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावं आमच्याकडं पोरं बाराखडीच्या आधी शिकतात. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की दुकानाचं शटर लवकर ओढणारे शेजारी मी लहानपणापासून बघितलेत. मी स्वतः तालमीकडून सात वर्षं लेफ्ट बॅक खेळलो, गुडघा गेला तेव्हा थांबलो. गेलं दीड वर्ष रोज सकाळी ६ ते ७:३० गल्लीतली आणि आसपासची २२ पोरं घेऊन मैदानावर जातो. वय ८ ते ११, त्यात तीन मुली. कुणाकडून पैसे घेत नाही. कुठला कोर्स केलेला नाही. मला जसं शिकवलं तसंच मी शिकवतो: दोन राऊंड, मग रांगेत उभं राहून कोनमधून (खुणेचे शंकू) ड्रिबलिंग, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पळणं, मग पासिंग, शेवटी मॅच.

रविवारी एका अंडर-१२ स्पर्धेला टीम नेली. मैदान मोठ्यांचं, गोलपोस्ट मोठ्यांचे, ११-११. माझ्याकडं एक पोरगा आहे, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, पायात ताकद. मी सगळ्यांना एकच सांगितलं होतं, बॉल मिळाला की त्याला द्या. त्यानं लांब मारायचा, पुढचे दोघे पळायचे. तीन मॅच झाल्या, दोन जिंकलो, सेमीफायनलला हरलो. लोकांनी पाठ थोपटली.

परत येताना गाडीवर माझ्यामागं एक ९ वर्षांचा पोरगा बसला होता. सकाळी ७ पासून शिनगार्ड बांधून बाकावर बसलेला. शेवटच्या मॅचला शेवटची दोन-तीन मिनिटं मी त्याला आत घातला, बॉल त्याच्याकडं आलाच नाही. रंकाळ्याजवळ आल्यावर त्यानं मागनं विचारलं, "सर, मी आज खेळलो का?"

मला उत्तर देता आलं नाही. चार रात्री तेच डोक्यात आहे. जाणकारांनी मनापासून सांगावं, मी कुठं चुकतोय आणि सकाळच्या त्या दीड तासात नेमकं काय करू?

---

डाव्या पायाचा (पुणे) | १२ जानेवारी, रात्री ११:३५

दादा, तुम्ही विचारलंत यातच निम्मं काम झालं. मी डी लायसन्सवाला प्रशिक्षक आहे, सहा वर्षं लहान गटच घेतो.

कुठलीही नवी ड्रिल शोधण्याआधी एक करा. एखाद्या पालकाला वही-पेन द्या आणि ११-११ च्या खेळात तीन मुलं निवडून त्यांचा पाय बॉलला किती वेळा लागतो ते मोजायला सांगा. प्रत्येक स्पर्शाला एक फुली. २० मिनिटं पुरे. दुसऱ्या दिवशी तीच मुलं ४-४ मध्ये खेळवा, मैदान साधारण ३० पावलं लांब आणि २० पावलं रुंद, गोलकीपर नाही, गोल म्हणजे दोन कोन दोन पावलांवर. पुन्हा २० मिनिटं मोजा. आकडे इथे लिहा, मग बोलू.

दुसरं, रांग बंद करा. २२ मुलं आणि दोन रांगा म्हणजे एक पोर पळतं आणि दहा पोरं त्याच्या पाठीकडे बघत उभी राहतात. आणि ते कोन कधी अंगावर येत नाहीत, पाय घालत नाहीत. कोनांमधून सफाईने जाणारा मुलगा समोर खरा बचावपटू आला की बॉल पायाखाली अडकवून बसतो, कारण त्याने कधी समोरच्याकडे बघून काही ठरवलेलंच नसतं.

तिसरं, बॉल कुठला वापरता? आपल्याकडे सरसकट पाच नंबर देतात. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. तो मोठ्यांचा बॉल आहे. ८ ते १२ वयाला चार नंबर, त्याहून लहानांना तीन नंबर. चार नंबर ३५० ते ३९० ग्रॅमचा असतो. फरक हातात घेऊन जाणवणार नाही, पण २५ किलोच्या पोराच्या पायाला जाणवतो. पाच नंबरने ते पोर अंगठ्याने ढोसायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटत नाही.

---

रंकाळ्याकाठी | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

पोरा, तुझी तळमळ समजली. पण माझंही ऐक. मी ६८ वर्षांचा आहे. आम्ही चामड्याच्या बॉलनं खेळलो, पावसात भिजला की उचलायलाही जड. अनवाणी खेळलो. कुणी आमच्या पायाचं वजन केलं नाही. बाकावर आम्हीही बसलो, दोन-दोन वर्षं बसलो. त्या बसण्यातनंच जिद्द आली.

कोल्हापूरचा फुटबॉल ईर्षेवर उभा आहे. पेठेची ईर्षा, तालमीची ईर्षा. ती काढली तर उरतं काय? पोराला हरणं झोंबलं पाहिजे. ९ वर्षांच्या पोराला बाकावर वाईट वाटलं ते चांगलंच झालं, उद्या तो जास्त घाम गाळेल. सगळ्यांना सारखं खेळवलं तर चांगल्या पोराला काय वाटेल त्याचाही विचार कर.

---

स्टाव्हँगरकर | १३ जानेवारी, दुपारी १:२०

काका, तुमच्या ईर्षेच्या मुद्द्यावर राहवलं नाही म्हणून लिहितो.

मी मूळचा साताऱ्याचा, तेलाच्या नोकरीमुळे १४ वर्षं नॉर्वेत आहे. इथे मुलांची टीम पालकच सांभाळतात, तसा मीही मुलाच्या टीमचा सहप्रशिक्षक झालो. आधी मलाही तुमच्यासारखंच वाटायचं. इथे क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठीचे नियम १९८७ पासून केलेले आहेत. ११ व्या वर्षापर्यंत गुणतालिका लावायची नाही, क्रमवारी नाही. फुटबॉलमध्ये ६-७ वर्षांची मुलं ३-३ खेळतात, ८-९ ची ५-५, १०-११ ची ७-७, मग ९-९, आणि त्यानंतर ११-११.

मला वाटलं होतं, ही मुलं मऊ निघणार. तसं झालं नाही. तालिका नसली तरी ८ वर्षांच्या मुलाला स्कोअर पाठ असतो, आणि हरल्यावर तो गाडीत रडतो. ईर्षा मुलं घरूनच घेऊन येतात. आपण फक्त एवढंच ठरवतो की त्या ईर्षेपायी मोठ्यांनी कुणाला बाकावर बसवायचं की नाही.

इथला एक नियम मला फार आवडतो. एखादी टीम चार गोलांनी पुढे गेली की मागे पडलेल्या टीमला एक जादा खेळाडू उतरवता येतो. म्हणजे ४-० झालं की सामना संपत नाही, दोन्ही बाजूंना पुन्हा झुंजावं लागतं. पुढे असलेल्या मुलांनासुद्धा यातून जास्त शिकायला मिळतं.

आणि नॉर्वेचा प्रसिद्ध फुटबॉलपटू हालांड ज्या गावात वाढला ते ब्रीना आमच्यापासून ३० किलोमीटरवर आहे. छोटं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या क्लबमध्ये तो त्याच्या वयाच्या गावातल्या मुलांबरोबरच खेळत मोठा झाला.

---

पेठेतला | १३ जानेवारी, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा शब्द मी टाळणार नाही. मीही बाकावर बसलोय. पण तेव्हा मी १६ वर्षांचा होतो आणि संध्याकाळी गल्लीत हवा तेवढा खेळायचो. या पोराला गल्ली नाही. गल्लीत आता गाड्या लागतात. सकाळचा तो दीड तास हाच त्याचा सगळा फुटबॉल.

स्टाव्हँगरकर, तुमच्याकडं मैदानं असतील. आम्हाला मैदानाचा एक कोपरा मिळतो, बाकीच्यात क्रिकेट, चालणारी माणसं आणि दोन दुसरे ग्रुप.

---

डाव्या पायाचा (पुणे) | १३ जानेवारी, रात्री १०:०५

कोपराच हवा. ३०×२० पावलांचे दोन चौकोन कोपऱ्यात मावतात. १६ मुलं खेळतात, उरलेली सहा कडेला तिसऱ्या छोट्या चौकोनात ३-३.

आणि काकांनी 'चांगल्या पोराला काय वाटेल' म्हटलं, त्यावर. मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या त्या उंच मुलाची वाटते. रविवारी तो तीन मॅच खेळला आणि एकच गोष्ट शिकला: लांब मारणं. आज तो वीतभर उंच आहे म्हणून ते चालतं. १४-१५ ला बाकीचे त्याच्या उंचीला येतील. तेव्हा त्याच्याकडे फर्स्ट टच (आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं) नसेल, डावा पाय नसेल, मान वर करून बघायची सवय नसेल. तेव्हा शिकायला बसला तरी उशीर झालेला असेल. अशी मुलं मी पुण्यात दरवर्षी बघतो. अंडर-१२ ला ज्यांच्या नावाचा गाजावाजा असतो, अंडर-१७ ला ती मैदानावर दिसत नाहीत, आणि त्यांना कुणी सांगतही नाही की असं का झालं.

---

पी.टी.चे सर (मिरज) | १४ जानेवारी, दुपारी ४:१५

उंचीचा विषय निघाला म्हणून. मी २२ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतोय. कधीतरी तुमच्या पोरांच्या नावापुढे जन्माचा महिना लिहून बघा. वयोगट १ जानेवारीपासून धरला की जानेवारीतला आणि डिसेंबरातला पोरगा एकाच गटात येतो. ९ व्या वर्षी ११ महिने म्हणजे फार मोठा फरक. हाडात फरक, पळण्यात फरक, सूचना समजण्यात फरक. आपण म्हणतो 'हा हुशार आहे', खरं तर तो नुसता मोठा असतो.

मी एकदा शाळेच्या लहान गटाच्या टीमची यादी अशी तपासली. १४ पैकी ९ पोरं जानेवारी ते एप्रिलमधली. ती टीम मीच निवडली होती. त्या दिवसापासून निवड चाचणीत मी वही दोनदा बघतो.

वय चोरण्याबद्दलही बोललं पाहिजे. दाखला बदलून दोन वर्षं लहान झालेली पोरं मी बघितलीत, आणि ते करणारे बहुतेक वेळा पोराचे हितचिंतकच असतात. वरच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. तिथं पोरगा अडकतो, आणि सगळ्या मैदानासमोर मान खाली त्याला घालावी लागते. आपल्या पातळीवर कुणी एक्स-रे काढणार नाही. म्हणूनच शिकवणाऱ्यानं स्वतः नाही म्हणायचं.

२०१७ ला भारतात झालेल्या अंडर-१७ वर्ल्ड कपच्या निमित्तानं १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळला गेला. आमच्या शाळेच्या मैदानावर त्या दिवशी कधी न खेळलेल्या पोरी शूज काढून पळत होत्या. तो एक दिवस मी विसरत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना रोज सकाळी मैदानावर घेऊन जाणारं कुणीतरी हवं होतं. तुमच्यासारखं.

---

अनुजाची आई (इचलकरंजी) | १४ जानेवारी, रात्री ९:३०

(अनुजा हे मुलीचं खरं नाव नाही.)

दादा, तुमच्याकडे तीन मुली आहेत असं लिहिलंत. त्यांच्याबद्दल पुढे कुणीच काही बोललं नाही म्हणून मी लिहिते.

माझी मुलगी आता १० वर्षांची आहे. २०२२ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा आम्ही नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनल बघायला गेलो होतो. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, तोही कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल. माझी मुलगी तेव्हा ७ ची. येताना बसमध्ये तिचं एकच, मुली एवढ्या मोठ्या मैदानावर खेळतात आणि माणसं तिकीट काढून बघतात.

घरी आल्यावर तिला एका ठिकाणी घातलं. चार महिन्यांत तिनं सोडलं. कुणी रागावलं नाही, कुणी वाईट वागलं नाही. तिला कुणी बॉलच दिला नाही. १८ मुलगे, ती एकटी. सर म्हणायचे, 'पळत राहा, मिळेल'. आणि दोन तासांत बाथरूमला जायची सोय नव्हती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. ती सकाळी पाणीच पीत नव्हती.

आता दुसरीकडे जाते. तिथे सहा मुली आहेत, खेळ ४-४ किंवा ५-५ असतो. चौघांत एकीला टाळून खेळताच येत नाही, बॉल द्यावाच लागतो. आणि तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, जवळ कुणाचं घर आहे जिथे मुली जाऊन येऊ शकतील? एवढ्या एका प्रश्नानं माझा विश्वास बसला. तुम्हीही तुमच्या तिघींच्या आयांना हे विचारा. मुली स्वतः सांगणार नाहीत.

---

पेठेतला | १४ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, मी दीड वर्षात हे एकदाही विचारलं नव्हतं. उद्या सकाळी विचारतो. मैदानाजवळ माझ्या मावशीचं घर आहे.

---

फिजिओ मेधा (ठाणे) | १५ जानेवारी, दुपारी २:४५

रविवारी एका दिवसात तीन मॅच, त्याही मोठ्या मैदानावर, हे वाचून लिहिते आहे. माझ्याकडे ९ ते १४ वयाची मुलं सर्वांत जास्त दोन तक्रारी घेऊन येतात. एक, टाच दुखते. दुसरी, गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला उंचवटा येतो आणि दुखतं. पहिलीला सिव्हर, दुसरीला ऑसगूड-श्लाटर म्हणतात. वाढत्या वयात हाडाचं टोक अजून कच्चं असतं आणि स्नायू तिथे ओढतो, त्यातून हे होतं. घाबरण्यासारखं नाही, पण 'थोडं दुखणारच' म्हणून पळवत राहायचं नाही. खेळ कमी करायचा, काही दिवस उड्या आणि स्प्रिंट बंद, बर्फ, पोटरी-मांडीचं हळुवार स्ट्रेचिंग. पोर लंगडत असेल तर त्या दिवशी खेळ नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. एवढ्यात ऐकलं तर बहुतेक मुलं बरी होऊन खेळतात. मी बघितलेली बिघडलेली मुलं ही दुखणं लपवणारी मुलं आहेत, आणि ती लपवतात टीममधून काढतील या भीतीने.

शूजबद्दल. तुमचं मैदान मुरमाचं असेल तर लांब स्टडचे (तळव्याला टोकं असलेले) शूज नकोत. स्टड मातीत रुतत नाही, सगळा भार टाचेवर येतो. बारीक बारीक टोकांचे टर्फ शूज किंवा साधे सपाट तळव्याचे चालतात, स्वस्तही पडतात.

दोन राऊंड पळून होणारं वॉर्मअप बदला. फिफाचा '११+ किड्स' नावाचा कार्यक्रम ७ ते १३ वयासाठीच आहे: एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, पडायला शिकणं. १५-२० मिनिटं लागतात आणि मुलांना तो खेळच वाटतो.

हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, सध्या नकोच. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंत हेडिंग बंद केलं, ११ ते १३ ला सरावात मर्यादित ठेवलं. छोट्या मैदानावर बॉल तसाही जमिनीवर राहतो.

---

डिचोलीकर | १५ जानेवारी, रात्री ११:००

आमच्या गोव्यात भाताची कापणी झाली की शेतात फुटबॉल सुरू होतो. मी तसाच शिकलो. दोन दगड हा गोल. ८ वर्षांचा मी आणि १५ वर्षांचे दादालोक एकाच खेळात. खुंटावर बॉल कसाही उडायचा, म्हणून पायाला आपोआप मऊपणा आला. ओरडणारा कुणी नव्हता. वाद झाला तर आम्हीच मिटवायचो, टीम एका बाजूला जड झाली तर आम्हीच बदलायचो, कारण एकतर्फी खेळात कुणालाच मजा येत नाही हे कुणी सांगायला लागत नाही.

तुम्हाला एक विनंती. दीड तासातली शेवटची २० मिनिटं मुलांवर सोडा. टीम त्यांनीच पाडायच्या, नियम त्यांचेच. तुम्ही कडेला चहा प्या. आणि नुसतं बघा, कोण कुणाला घेतं, कोण कुणाला समजावतं. आम्हाला शेतातून जे मिळालं ते या मुलांना तेवढ्या २० मिनिटांतच मिळणार आहे.

---

पेठेतला | २७ जानेवारी, रात्री ९:२०

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय, कारण आकडे घेऊनच यायचं होतं.

एका पोराच्या आईनं वही धरली. ११-११, २० मिनिटं: उंच पोरगा ३१ वेळा, एक मधला पोरगा १२ वेळा, आणि ज्यानं मला गाडीवर प्रश्न विचारला तो ३ वेळा. त्यातला एक थ्रो-इन, म्हणजे हातानं आत फेकलेला.

दुसऱ्या दिवशी ४-४, तेवढीच मिनिटं. उंच ५८, मधला ५१, आणि तो ४०.

चाळीस. मी त्या आईला दोनदा विचारलं. त्यानं स्वतः वही घेऊन फुल्या मोजल्या, मग वही छातीशी धरून बहिणीला दाखवायला गेला.

आता सकाळचं असं बसवलंय. पहिली १५ मिनिटं मेधाताईंनी सांगितलेलं वॉर्मअप. मग १० मिनिटं प्रत्येकाच्या पायात स्वतःचा बॉल, सगळे एकाच चौकोनात, कुणाला धडकायचं नाही. शिट्टी वाजली की डाव्या पायानं, पुन्हा वाजली की तळव्यानं मागं ओढून वळायचं. चार नंबरचे १४ बॉल तीन दुकानांत फिरून आणले, उरलेले पोरांनी घरून आणले. मग एकास एक. जोड्या उंचीनं लावतो. त्यानंतर चार गोलांचा खेळ: ३-३, प्रत्येक टीमला दोन गोल राखायचे आणि दोनांत मारायचे. एका बाजूला गर्दी झाली की दुसरा गोल मोकळा असतो, तो बघायला मान वर करावीच लागते. दीड वर्ष घसा फोडून मी 'वर बघ, वर बघ' ओरडत होतो. या चार गोलांनी ते तीन दिवसांत केलं. शेवटची २० मिनिटं डिचोलीकरांनी सांगितल्याप्रमाणं पोरांची. तिन्ही मुलींसाठी मावशीचं घर ठरलंय.

पण दोन अडचणी आहेत. एका वडिलांनी पोराला काढून नेलं, "नुसता खेळच घेताय, शिकवत काही नाही". आणि दुसरे एक गृहस्थ लाईनवर उभे राहून सगळा वेळ पोराला सांगत असतात. पास दे, मार, पळ, मागं ये. पोरगा बॉलकडं कमी आणि बापाकडं जास्त बघतो. माझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत, कसं बोलू कळेना. दोघांच्याही तोंडात अनिकेत जाधवचं नाव. आपल्या कोल्हापूरचा पोरगा २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला याचा मलाही अभिमान आहे, पण ९ वर्षांच्या पोराला रोज त्याच मापानं मोजलं तर ते पोर थकून जाईल.

---

डाव्या पायाचा (पुणे) | २७ जानेवारी, रात्री १०:१०

आकडे वाचून उभा राहिलो मी.

चार गोलांचा तो खेळ युरोपात 'फुनिनो' नावाने चालतो. तो रुजवला हॉर्स्ट वाइन यांनी, आणि ते मूळचे हॉकीचे प्रशिक्षक होते.

काढून नेलेल्या मुलाच्या वडिलांना एकदा घरी जाऊन भेटा. वही बरोबर न्या. "शिकवत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "मला तुमचा आवाज ऐकू येत नाही" एवढाच असतो. आपल्याकडे ओरडणारा तो चांगला कोच असा समज आहे.

लाईनवरच्या बाबांना एकटं गाठून बोललात तर त्यांना अपमान वाटेल. सगळ्या पालकांना एकत्र बोलवा आणि सांगा, टाळ्या वाजवा, नाव घेऊन हाक मारा, पण काय करायचं ते सांगू नका. कारण सरळ आहे. पोराकडे बॉल आला की ठरवायला त्याला सेकंदभर मिळतो. त्या सेकंदात बाहेरून 'पास दे' आलं तर पास बरोबर जाईलही, पण ठरवलं बाबांनी. पुढच्या वेळी ते पोर ठरवण्याआधी लाईनकडे बघेल. ही चूक मी स्वतः पहिली दोन वर्षं केली आहे. आता खेळ थांबला की विचारतो, "तुला तिथून काय दिसलं?" आधी मुलं गप्प बसायची. महिनाभराने बोलायला लागली, आणि काही वेळा त्यांना दिसलेलं मला दिसलेलं नसतं.

---

स्टाव्हँगरकर | २८ जानेवारी, पहाटे २:३०

इथे पालकांना काम देतात. कुणी गोल लावतं, कुणी पाणी बघतं, कुणी रेफरीला मदत करतं. लाईनवरच्या त्या बाबांना वहीचं काम द्या, पण स्वतःच्या मुलाचं नाही, दुसऱ्याच्या मुलाचं. दुसऱ्याचा मुलगा २० मिनिटं नीट बघितला की माणूस बदलतो. माझं तसंच झालं.

---

रंकाळ्याकाठी | ३० जानेवारी, सकाळी ९:४५

काल सकाळी मैदानावर येऊन गेलो. पिंपळाखाली बसलो होतो, तुझं लक्ष नव्हतं.

ईर्षा दिसली. ३-३ मध्ये एक बारकी पोर त्या उंच पोराच्या पायातनं बॉल काढून घेऊन गेली आणि तो तिच्यामागं असा पळाला की मला आमचे दिवस आठवले. त्याला कुणीतरी अडवलं हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं. हे मला पटलं.

एक मात्र मी सोडत नाही. १३-१४ ला त्यांना मोठ्या मैदानावर आणून हरायला लाव. पेठेसमोर हरू दे. ते सोसायला शिकल्याशिवाय शाहू स्टेडियमच्या गर्दीत पाय उचलत नाही. तोपर्यंत तुझं चालू दे.

माझ्याकडं जुन्या जर्सी आहेत, पिवळ्या ११ आणि लाल ९. पोरांना गुडघ्यापर्यंत येतील. आतनं शिवून घेतल्या तर बिबचं (टीम ओळखायला वरून घालायचं जाकीट) काम होईल. नातू शनिवारी आणून देईल.

---

पेठेतला | ३० जानेवारी, रात्री ८:५०

काका, पुढच्या वेळी पिंपळाखाली नको, लाईनवर या. पोरांना तुमच्याकडनं चामड्याच्या बॉलची गोष्ट ऐकायची आहे, मी सांगून ठेवलंय.

वही काल लाईनवरच्या त्या वडिलांच्या हातात दिली. २० मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "ते बारकं पोरगं डाव्या पायानं पण मारतंय की." ते बारकं म्हणजे गाडीवरचंच.

काढून नेलेला पोरगा अजून आला नाही. रविवारी घरी जाऊन येतो.

---

राजारामपुरी_७ | ३० जानेवारी, रात्री ९:३०

पहिलीच पोस्ट. अडीच आठवडे नुसता वाचतोय. माझ्याकडं १६ पोरं आहेत, वय ८ ते १०, आणि मीही रांगाच लावत होतो. शनिवारी तुमच्या पोरांबरोबर ४-४ खेळवायला आणू का? कप नको, फोटो नको, सगळी पोरं सगळा वेळ.

---

पेठेतला | ३० जानेवारी, रात्री ९:३४

आणा. ६:१५ ला या. काढून नेलेला पोरगा परत आला तर ३८ पोरं होतील, म्हणजे चार चौकोन लागतील, आणि उरलेल्या सहांना कडेला ३-३. क्रिकेटवाल्यांशी मी बोलतो, ते ८ नंतर येतात. पाण्याच्या बाटल्या ज्यानं त्यानं. फक्कीचं अर्धं पोतं शिल्लक आहे, मी शुक्रवारी रात्रीच आखून ठेवतो.